मदत हवी आहे: ४.२८ ग्रॅमचं जाड चांदीचं नाणं, ठिपके आणि रेघा, अक्षर लागत नाही

धागाकर्ता, नौपाडा, ठाणे
देव्हाऱ्यात टाकांबरोबर ठेवलेलं नाणं आहे. वजन ४.२८ ग्रॅम, व्यास १६ ते १७ मिमी, जाडी साधारण २ मिमी. कडेला दोन तडे. एका बाजूला मधोमध ठिपक्यांची उभी रांग, तिच्या वर-खाली आडव्या रेघा, टोकाशी चंद्रकोर. दुसऱ्या बाजूला लांबट थेंबासारखा उंचवटा आणि भोवती ठिपके. कडेपाशी 'श्री'सारखं काहीतरी भासतं.
मुघल रुपया ११.४ ग्रॅमच्या आसपास, बहमनी टंका ११ च्या, म्हणजे दोन्ही बाद. कलचुरी कृष्णराजाचं नाणं २ ग्रॅमच्या आसपास आणि त्यावर नंदी, तेही नाही. मग हे काय? चांदी किती असेल? आणि वरचा काळा थर काढू का?

दिनार-दाम
गधैया, म्हणजे पश्चिम भारतात शतकानुशतकं चाललेलं जाड, लहान चांदीचं नाणं. वजन, जाडी आणि तो 'थेंब' पाहता शंका नाही. थेंब म्हणजे राजाचं नाक. नाणं असं फिरवा की नाक उजवीकडे येईल. मग वरचा ठिपका डोळा होतो आणि मागची वळलेली रेघ कान. दुसऱ्या बाजूची ठिपक्यांची रांग म्हणजे अग्निवेदीचा खांब, आडव्या रेघा तिच्या पायऱ्या. चंद्रकोर वर राहील असं धरा, वेदी सरळ दिसते.
मूळ नमुना इराणचा सासानी सम्राट पेरोझ (इ.स. ४५९ ते ४८४) याच्या द्रम्माचा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा. हूणांमार्फत तो इकडे आला आणि पश्चिम भारतात शतकानुशतकं नकलेची नक्कल होत गेली. चेहरा विरघळला, वजन मात्र ४ ग्रॅमच्या आसपास टिकलं. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून अर्धं चित्र बाहेर जातं. नाक सापडलं नाही की लोक नाणं उलटं धरून अक्षरं शोधत बसतात.

खरा_खोटा
सहमत. पण 'ठाण्यात सापडलं म्हणजे शिलाहारांचं' असं कुणी सांगेल, ते मानू नका. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी, श्रीस्थानक, हे खरं. शिलाहार राजा छित्तराज याच्या नावाची गधैया धर्तीची नाणीही आहेत, त्यांवर नागरीत 'श्री छित्तराजदेव' असतं. बहुसंख्य गधैया मात्र निनावी, गुजरात, माळवा, राजस्थानपासून इथपर्यंत चालणारी. विक्रेते त्यांना सर्रास राजाचं नाव चिकटवतात, कारण नावाने किंमत वाढते. 'श्री'पुढे निदान दोन अक्षरं लागली तरच नाव लावा.
त्यासाठी फ्लॅश बंद. काळ्या निस्तेज कागदावर नाणं ठेवा, दिवा एका बाजूला, नाण्याच्या पातळीशी अगदी खाली धरा आणि नाणं पाव-पाव फिरवत चार फोटो घ्या. झिजलेली रेघ एखाद्याच कोनातून उठते. कडेचाही फोटो हवा. तडे असणं चांगली खूण, घाव घालून पाडलेल्या नाण्याला ते पडतात. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात.

दिनार-दाम
चांदीचं प्रमाण घरी अंदाजता येतं, पण काटा मिलिग्रॅमचा हवा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आलेल्या आकड्याने कोरडं वजन भागा, की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. तुमच्या नाण्याचा आकडा ०.४१ आला तर घनता १०.४४, चांदी सुमारे ९७ टक्के, ०.४२ आला तर १०.१९ आणि ८३ टक्के! दोन दशांशांचा काटा इथे निरुपयोगी. बुडबुडा चिकटला तर चांदी कमी दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.
गोखले रोडच्या एखाद्या सराफाकडे वजन करून घेतलंत तर आधीच बजावा, कसोटीवर घासायचं नाही, ॲसिड लावायचं नाही.

खरा_खोटा
काळा थर राहू द्या. देव्हाऱ्यातलं आहे म्हणून सांगतो: चिंच, लिंबू, रांगोळी, घासायची पावडर, सगळं आजपासून बंद. उत्तरकालीन गधैयांत तांबं बरंच असतं आणि वर चांदीचा पातळ थर उरलेला असतो. तो घासला की लालसर पोट उघडं पडतं आणि रेघाही जातात. कुंकू-पंचामृताचा चिकटा असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, मऊ ब्रशने फक्त टिपा, मग उघड्या खिडकीपाशी, गॅसपासून दूर, ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.
कायद्याचंही पाहा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, किंमत फक्त १० रुपयांच्या वर असली तरी. त्यामुळे घरात कुठून आलं, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

धागाकर्ता
नाक उजवीकडे धरल्यावर डोळा आणि कान दोन्ही लागले. ते 'श्री' म्हणजे वेदीच्या पायरीचा कोपरा निघाला, तेव्हा निनावी गधैया असंच नोंदवतो. कडेचा फोटो उद्या सकाळच्या उजेडात टाकतो.