सॉनिक २ : डीबग मोड लागला, पण हिडन पॅलेस यादीत का नाही?

जुनी_कॅसेट (प्रश्न)

माझ्या मावसभावाने शाळेच्या दिवसांत मस्कतहून आणलेला मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगाचा जुना व्हिडिओ गेमचा संच, गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढला. सोबत ‘सॉनिक द हेजहॉग २’ची मूळ कॅसेटही होती आणि आश्चर्य म्हणजे ती पहिल्याच फटक्यात चालली. लहानपणी आम्हाला कोणतेच चीट ठाऊक नव्हते, म्हणून या वेळी माहिती काढून ऑप्शन्समधील साउंड टेस्टवर १९, ६५, ०९, १७ हे आवाज क्रमाने वाजवले. रिंग मिळाल्याचा आवाज आला आणि मुख्य पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबल्यावर लेव्हल सिलेक्टची यादी उघडली. त्या यादीतील साउंड टेस्टवर ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ वाजवल्यावर डीबग मोड, म्हणजे निर्मात्यांची चाचणीची सोयही, सुरू झाला.

माझ्या शंका तीन आहेत. ज्या ‘हिडन पॅलेस’ झोनबद्दल (झोन म्हणजे खेळाचा एक टप्पा) इतके ऐकले, तो यादीत कुठेच नाही. त्यासाठी आणखी एखादा कोड आहे का? साउंड टेस्टमध्ये १० या क्रमांकाला एक संथ, फार सुंदर धून वाजते, पण खेळात ती कधी ऐकल्याचे आठवत नाही. ती कोणत्या झोनची आहे? तिसरी शंका काळजीची आहे. डीबग चालू असताना वर स्कोअरच्या जागी आकड्यांमध्ये इंग्रजी अक्षरे मिसळलेली दिसतात, आणि वेळेतील सेकंद पुढे सरकण्याऐवजी कमी-जास्त होत राहतात. कॅसेट खराब झाली आहे का?

सोळाबिटी

कॅसेट ठणठणीत आहे, म्हणून तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. डीबग मोडमध्ये स्कोअर दाखवणे बंद होते आणि त्या जागी कॅमेरा व सॉनिक यांचे लेव्हलमधील स्थान दिसते. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे १६ च्या पायावरचे असल्यामुळे ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे येतात. साउंड टेस्टमधले क्रमांकही याच पद्धतीचे आहेत. ०९ नंतर ०ए येतो हे तुम्ही पाहिलेच असेल. सेकंदांच्या जागचा आकडा वेळ दाखवत नाही, त्या क्षणी पडद्यावर किती स्प्राइट, म्हणजे हलणारी सुटी चित्रे, आहेत हे दाखवतो. करून पाहा: एमराल्ड हिल या पहिल्या झोनमध्ये बी दाबून सॉनिकचे एखाद्या वस्तूत रूपांतर करा, एका जागी थांबा आणि सी दाबून एकाच ओळीत रिंगा टाकत जा. आकडा वाढताना दिसेल, आणि पुढे काही रिंगा लुकलुकू लागतील किंवा दिसेनाशा होतील. हा बिघाड नव्हे. खेळ ज्या ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर चालतो, त्यात मेगा ड्राइव्ह एका वेळी ८० आणि एका आडव्या ओळीत २० पेक्षा अधिक स्प्राइट काढू शकत नाही. खेळ बनवणाऱ्यांना हीच मर्यादा सतत डोळ्यांसमोर हवी असावी, म्हणून त्यांनी तो आकडा सेकंदांच्या जागी बसवला असेल. ए दाबून वस्तू बदलणे आणि पुन्हा बी दाबून सॉनिक होणे ही सोयही त्यांनी स्वतःच्या कामासाठीच केलेली होती. शत्रू किंवा उड्या मारण्याची स्प्रिंग कुठे शोभते हे खेळताखेळता ठरवता यावे, एवढाच तिचा हेतू.

आता हिडन पॅलेस, म्हणजे खेळ तयार होताना वगळलेला झोन. त्यासाठी कोड नाही, कारण तिथे जाण्यासारखे काही कॅसेटमध्ये शिल्लकच नाही. डीबग मोड आणि खेळात न वापरलेली सामग्री या दोन गोष्टी लोक एकाच दमात बोलतात, पण त्यांची जातकुळी वेगळी आहे. डीबगचे दार निर्मात्यांनी जाणूनबुजून कुलूप लावून ठेवले आणि किल्लीही स्वतःच घडवली. पहिला कोड म्हणजे प्रमुख प्रोग्रामर युजी नाका यांची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५, आणि दुसरा म्हणजे २४ नोव्हेंबर १९९२, अमेरिका व युरोपमधील प्रकाशनाचा दिवस. हिडन पॅलेसचे अवशेष मात्र कोणी ठेवले नाहीत, ते राहून गेले.

ते कसे राहिले हे झोनच्या क्रमांकांवरून चांगले कळते. खेळाच्या आत प्रत्येक झोनला क्रमांक आहे आणि शून्य धरून एकूण १७ जागा आहेत. खेळात झोन आहेत ११. मेट्रोपोलिस झोनच्या तिसऱ्या अ‍ॅक्टला (झोनच्या भागाला) स्वतंत्र क्रमांक असल्याने १२ जागा भरतात आणि ५ रिकाम्या उरतात. त्यांतील क्रमांक २ ची जागा वुड झोन या वगळलेल्या झोनची, क्रमांक ८ ची हिडन पॅलेसची आणि क्रमांक ९ ची, आधी जेनोसाइड सिटी व नंतर सायबर सिटी म्हटल्या गेलेल्या झोनची. या शेवटच्या झोनचा आराखडाच मेट्रोपोलिसचा तिसरा अ‍ॅक्ट म्हणून वापरला गेला, आणि म्हणूनच तीन अ‍ॅक्टचा तो एकमेव झोन ठरला. मधली जागा काढून टाकली तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि रंगसंगती, संगीत, वस्तूंच्या याद्या अशा डझनभर तक्त्यांत प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. दिवाळीआधी विक्रीला काढायच्या मालाची शिवण कोणी उसवत बसत नाही. इथेही तेच झाले, असे मला वाटते. त्यामुळे नाव दाखवणारी पाटी, रंगसंगती, पुलाची, धबधब्याची आणि मोठ्या रत्नाची चित्रे एवढे १ मेगाबाइटच्या त्या कॅसेटमध्ये तसेच पडून राहिले. जमिनीचा आराखडा मात्र गेला.

प्रो अ‍ॅक्शन रिप्लेसारखे, खेळाच्या स्मृतीतील आकडे बदलणारे उपकरण लावून ८ या क्रमांकात शिरता येते. ‘हिडन पॅलेस झोन’ अशी पाटी डौलात येते, ती सरकते, आणि पायाखाली जमीनच नसल्याने सॉनिक सरळ खाली पडून मरतो.

रेवती_दे

वरील उत्तर नेमके आहे. धुनेबद्दल मी भर घालते. १० क्रमांकाची धून मूळ खेळाच्या कोणत्याही झोनमध्ये वाजत नाही, म्हणून तुम्हाला ती आठवणे शक्यच नव्हते. लोक तिला सर्रास हिडन पॅलेसची धून म्हणतात, परंतु ऑगस्ट १९९२ मधील जी अपुरी आवृत्ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवर सापडली, तिच्यात हिडन पॅलेसला वेगळीच धून आहे. तीच पुढे मिस्टिक केव्हच्या दोन खेळाडूंच्या स्पर्धेत वापरली गेली, तेव्हा भावासोबत खेळला असाल तर ती तुम्ही ऐकली आहे. त्या आवृत्तीत हिडन पॅलेसमध्ये खरोखर फिरता येते. चकाकणारे स्फटिक, पूल, धबधबा सगळे दिसते, पण पुढे एक मोठे हिरवे रत्न वाट अडवते आणि झोन पूर्ण होत नाही. वुड झोन तर त्याहून अर्धवट आहे.

आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. मिस्टिक केव्हच्या दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये काट्यांनी भरलेला एक खोल खड्डा आहे. सुपर सॉनिक, म्हणजे रिंगा असेपर्यंत टिकणारे सॉनिकचे अभेद्य रूप, होऊन त्यात पडल्यास काटे लागत नाहीत आणि वरही येता येत नाही. रिंगा संपून मरण येईपर्यंत नुसते उभे राहावे लागते. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी मोबाइलसाठी हा खेळ नव्याने बांधला, तेव्हा हिडन पॅलेस पूर्ण करून त्याचे दार त्यांनी नेमके या खड्ड्यात ठेवले. ज्यांनी त्या खड्ड्यात जीव गमावले आहेत, त्यांनाच या जागेची गंमत कळेल. तुमच्या कॅसेटवर मात्र तो खड्डा अजूनही खड्डाच आहे.

जुनी_कॅसेट

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री एमराल्ड हिलमध्ये रिंगांची ओळ घालून पाहिली. वर सांगितल्याप्रमाणे आकडा वाढत गेला, काही वेळाने उजवीकडच्या रिंगा लुकलुकू लागल्या, आणि शेवटी सी दाबूनही नवी रिंग पडेनाशी झाली. हे शेवटचे कशामुळे होते? शिवाय खेळ मधूनच संथ झाल्यासारखा वाटला.

सोळाबिटी

रिंग पडेनाशी होते, कारण जिवंत वस्तूंसाठी स्मृतीत ठरावीक खाने आहेत आणि ते सगळे भरले. पडद्यावर दिसणारे स्प्राइट आणि स्मृतीत जागा धरून बसलेली वस्तू यांची मोजणी वेगवेगळी असते. थोडे पुढे गेलात की मागच्या रिंगांचे खाने मोकळे होतील आणि सी पुन्हा काम करू लागेल. संथपणाचे कारण साधे आहे: सुमारे ७.६ मेगाहर्ट्‌झच्या ६८००० प्रोसेसरला एवढ्या सगळ्या वस्तूंचा हिशेब एका चौकटीच्या (फ्रेमच्या) वेळात उरकता येत नाही.

जाणीवपूर्वक संथ खेळायचे असेल, तर लेव्हल सिलेक्टचा कोड चालू ठेवून खेळ पॉज करा आणि बी दाबून धरा. सी दाबल्यास खेळ प्रत्येक दाबासरशी एकच चौकट पुढे सरकतो, आणि लुकलुकणाऱ्या रिंगांपैकी कोणत्या चौकटीत कोणती गायब होते हे तुम्हाला नीट पाहता येईल.