‘अनलिमिटेड’ लिहायचं आणि ३३०० जीबी तळटीपेत ढकलायचं, हे थांबायला हवं

वायरमन_वि: मर्यादेला माझी हरकत नाही, लपवण्याला आहे. घरच्या फायबर प्लॅनचा दर ठळक आणि महिन्याची ३३०० जीबीची एफयूपी (जिच्यापुढे वेग कमी होतो ती वापरमर्यादा) मात्र अटींच्या तळाशी. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, ३१ ऑक्टोबर २०१६ चा निर्देश स्पष्ट आहे: किती जीबीपर्यंत कोणता वेग आणि पुढे कोणता, हे जाहिरातीतही सांगायचं.

ओएनटी_हिरवा_दिवा: असहमत. जीपीओएनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या तंत्राच्या) एका पोर्टवर खाली येणारा वेग साधारण २.५ जीबीपीएस. ३२ घरांत वाटला तर प्रत्येकी ७८ एमबीपीएस. तरी १०० एमबीपीएसचा प्लॅन विकता येतो, कारण सगळे एकदम पूर्ण वेग ओढत नाहीत. ३३०० जीबी म्हणजे रोज ११०. तासाला ७ जीबीने ४के पाहिलं तरी १५ तास होतात! घरगुती वापराला एवढं पुरतं की.

वायरमन_वि: रात्री नऊची गर्दी महिन्याच्या बेरजेने कशी कमी होणार? पहाटे तीनला रिकाम्या लाइनवर उतरवलेलेही जीबी मोजले जातातच. आणि घरगुती वापर म्हणजे फक्त सिनेमे नव्हेत. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर चालला की दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. चार कॅमेरे लावले की २५९२. अपलोडही मोजतात, हे कनेक्शन देताना सांगतं कोण?

ओएनटी_हिरवा_दिवा: अपलोडचा मुद्दा मान्य, ते लिहायलाच हवं. पण कॅमेऱ्याला उपाय आहे: रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर घ्या, क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप पाठवा. कॅमेऱ्यात एच.२६५ ही व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत निवडलीत तर डेटा जवळपास निम्म्यावर येतो.

मीटर_बघा: दोघांनीही मोजणीचा घोळ सोडला. बरेच राउटर १०२४ च्या पटीत मोजतात, त्यामुळे कंपनीचे ३३०० तिथे सुमारे ३०७३ दिसतात. शिवाय काही राउटरचा आकडा वीज गेली की शून्यावर येतो. वाद घालायचा तर कंपनीच्या अ‍ॅपमधल्या रोजच्या वापराचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, फी नाही.

वायरमन_वि: आणि एक. २०१६ ला मर्यादेनंतरचा किमान वेग ५१२ केबीपीएस ठरला, कारण तेव्हा ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती. जानेवारी २०२३ पासून व्याख्या २ एमबीपीएस झाली. मग मर्यादा संपल्यावर १ एमबीपीएस देणाऱ्या प्लॅनला ब्रॉडबँड का म्हणायचं?

ओएनटी_हिरवा_दिवा: यावर वाद नाही. तो आकडा २ वर न्यायलाच हवा. एफयूपी मात्र राहू द्या.