आजोबांनी इटलीहून आणलेले पदक: शौर्यपदक की स्मरणपदक?

प्रश्न (कसबा पेठ):
माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. त्यांनी आणलेले पितळी रंगाचे, वाटोळे पदक आजीने देवघरात टाकांशेजारी ठेवले होते. त्यावर पंख असलेली, डावा पाय किंचित उचललेली स्त्री असून खाली रोमन अक्षरांत ब्रेशा या शहराचे नाव आहे. घरात ते शौर्यपदक समजले जाते. मामी ते चिंचेने घासावे म्हणतात. घासावे का, आणि ते नेमके काय असावे?

उत्तर (सदाशिव पेठ):
ही ब्रेशा येथील पंखधारी विजयादेवता आहे. रोमन लोक तिला व्हिक्टोरिया म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ही सुमारे दोन मीटर उंचीची कांस्यमूर्ती १८२६ मध्ये तेथील रोमन मंदिराच्या अवशेषांत सापडली, त्यामुळे तिचे चित्र असलेले पदक त्याआधीचे असू शकत नाही. पुढे आलेले तिचे हात रिकामे का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. त्या हातांत ढाल होती आणि देवी तिच्यावर विजेत्याचे नाव लिहीत होती. ढाल नाहीशी झाली, लिहिण्याची मुद्रा मात्र राहिली. मला तर त्यामुळेच ही मूर्ती फार हृद्य वाटते.

हे सैनिकी पदक नाही. त्या आघाडीवरील सैनिकांना मिळालेला इटली स्टार सहा टोकांचा असतो आणि त्याच्या फितीत तांबडा, पांढरा व हिरवा रंग असतो. आजोबांच्या पेटीत तो अवश्य शोधावा.

उत्तर (कर्वेनगर):
चिंच लावू नये, ही कळकळीची विनंती. आंबटाने काळपटपणाबरोबर धातूचा वरचा थरही जातो आणि पंखांच्या बारीक रेषा बोथट होतात. मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसणे पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता:
इटली स्टार आजोबांच्या जुन्या गणवेशाच्या खिशात सापडला! आणखी एक शंका: आजी या देवीला रोज कुंकू लावीत असे, ते पंखांच्या खाचांत बसले आहे. ते काढावे का?

उत्तर (कर्वेनगर):
काढू नये. पाण्याने ते पसरेल आणि खाचांत ओल राहून धातूवर हिरवट डाग पडतील. शिवाय हे पदक इटलीत घडले असले तरी ते कुंकू आपल्या आजींच्या हातचे आहे.