इथे राहिलेली पाच वर्षं कशी दाखवलीत? अनुभव लिहा

ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज टाकायचाय. वकिली सल्ला नकोय, ज्यांनी स्वतः फॉर्म एएन (नागरिकत्वाचा अर्ज) भरलाय त्यांनी कुठे अडकलात ते लिहा. आधी माझंच सांगतो. पाच वर्षांत मिळून ४५० दिवसांपेक्षा जास्त ब्रिटनबाहेर चालत नाही, शेवटच्या वर्षात ९०, हे पाठ होतं, एक्सेलमध्ये बेरीज ३१२ आली, खूश होतो, तर बायको म्हणते, अहो तुमचे बाबा गेले तेव्हाची फेरी कुठाय? अठरा दिवस. घाईत गेलेलो, तिकीट भावाने काढलेलं, माझ्या मेलमध्ये काहीच नाही.

*

माझी बेरीज बरोबर होती, तारखेने गंडवलं. अर्ज ज्या तारखेला पोचतो, पाच वर्षांपूर्वी त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे हजर असायला लागता, आणि नेमकं त्या दिवशी मी सांगलीत गणपतीच्या पंगतीत तूप वाढत होतो, फोटोच आहे. खास कारण असेल तर सवलत देतात म्हणे, पण तूप वाढणं काय कारण झालं? दहा दिवस थांबलो आणि मग टाकला. आणि हो, जायचा-यायचा दिवस बाहेरचा धरत नाहीत, पूर्ण दिवसच मोजायचे, माझे त्यात चौदा वाचले.

*

आम्ही म्हापशाचे. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाचा, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला आलो. पहिली दोन वर्षं मी कॉलेजात होतो. युरोपियन विद्यार्थ्याकडे खाजगी आरोग्य विमा नसेल तर तो काळ कायदेशीर धरत नसत, हे मला कोणी सांगितलंच नाही. आता एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, फुकट होतंय तर विमा कोण काढणार? गंमत म्हणजे सेटल्ड स्टेटसला (युरोपियनांना इथे कायम राहायची परवानगी) विमा विचारला नाही आणि नागरिकत्वाच्या वेळी तोच आडवा आला, म्हणजे राहायला चालतो पण आधी राहिलो ते चालत नाही! अर्ज नाकारला तर फी परत मिळत नाही म्हणून गप्प बसलो. जून २०२२ मध्ये कायदा बदलला, आता सेटल्ड असाल तर मागचं उकरत नाहीत. त्यानंतरच अर्ज टाकला.

*

मी डिपेंडंट म्हणून, नवऱ्याच्या व्हिसावर आले. घरभाडं, कौन्सिल टॅक्स, लाइट बिल सगळं ह्यांच्या नावावर, नोकरी नाही म्हणून पी६० (पगार-कराचा वर्षाचा दाखला) नाही, त्यात जुना पासपोर्ट ट्रेनमध्ये चोरीला गेला, म्हणजे शिक्के पण गेले. पाच वर्षं या घरात पोळ्या लाटल्या त्याचा कागद कुठून आणू? शेवटी लेकाचं रेड बुक (बाळाच्या तपासण्यांची वही) काढलं, त्यात हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाला तपासणाऱ्या नर्सने, दर वेळी वजन आणि तारीख पेनने लिहिलेली, एका पानावर वरणाचा डाग. जीपीकडून (नेहमीच्या डॉक्टरकडून) माझ्या अपॉइंटमेंटच्या तारखांचं पत्र घेतलं, शाळेचं घेतलं. शिवाय होम ऑफिसकडे आपल्या नावाची जेवढी माहिती आहे ती मागता येते, फुकट, त्यात माझ्या येण्या-जाण्याच्या नोंदी निघाल्या. हे आधी माहीत असतं तर दोन महिने रडले नसते.

*

धागाकर्ता: आभार. बाबांच्या वेळचा मुंबईचा शिक्का सापडला, पुसट आहे, ३ की ८ कळेना, भावाच्या मेलमधल्या तिकिटावरून ८ ठरला. बेरीज आता ३३०. २३ तारखेला टाकतोय, पाच वर्षांपूर्वी २४ ला इथेच दाढ काढायला गेलो होतो, पावती आहे.