चित्रकलेत जादा मार्क द्यायचे तर कशावर द्यायचे?

चित्रकला_मॅडम
नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला चित्रकला शिकवते. कलेला लेखी पेपर नाही, सगळं आकारिकच, म्हणजे वर्षभर वर्गात केलेल्या कामावरच श्रेणी, त्यामुळं वर्ष संपत आलं की पालक येतात, मॅडम काहीतरी जादाचं काम द्या, श्रेणी वर जाऊ दे. मग पोरं आणतात काय, तर आईनं रात्री जागून रंगवलेला चार्ट नाहीतर दुकानातनं विकत आणलेलं मॉडेल. आणि जो वर्गात मन लावून काढतो पण ज्याच्याकडं पोस्टर कलरचा सेट नाही तो आहे तिथंच. जादा मार्क बंद करायचे नाहीत मला, काही पोरांना गोडी उशिरा लागते, त्यांना वाट पाहिजेच. पण नियम काय ठेवायचा?

जुना_ड्रॉइंग_मास्तर
मॅडम, वस्तू मागूच नका, स्केचबुक मागा. पेन्सिल आणि वही, बस्स. पंचगंगा घाट, रंकाळा, कुंभार गल्लीत गणपतीचं काम चालू असतंय तिथं, कुठंही बसून समोर बघून काढलेलं पाहिजे. चित्रकार आबालाल रहमान यांनी इथलाच कोटितीर्थ तलावाचा परिसर रंगवला, म्हणजे विषय शोधायला लांब जायची गरज नाही. चित्र मळकं असलं, खोडलेलं असलं तरी चालतंय, उलट त्यातनंच कळतं पोरगं कुठं अडलं ते. आणि वही तपासताना दोन मिनिटं विचारा, ऊन कुठनं येत होतं, ही सावली इकडं का पडली. दुसऱ्यानं काढून दिलं असलं तर तिथंच समजतं.

पेठेतली_आई
सर, पटतंय पण सगळ्या पोरांना घाटावर जाऊन बसता येत नाही ओ. माझी मुलगी शाळेतनं आली की धाकट्याला सांभाळते, मी कामावर असते. तिनं जादाचं कधी काढायचं? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर वर्ग उघडा ठेवा, रंग शाळेचे द्या, ज्याला यायचंय तो येईल. अजून एक, गॅदरिंगचं स्टेज सजवलं, फळा रंगवला म्हणून चित्रकलेचे मार्क देऊ नका. पोरं हौसेनं करतात ते, त्याचं कौतुक करा, पण त्यात चित्र काढायला शिकली किती ते बघा ना.

कलानिकेतनचा_माजी
मार्कांच्या मागं लागलं की काय होतं ते सरकारी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला दिसतं. दहावीला ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3 मार्क वाढतात म्हटल्यावर क्लासमध्ये बाजाराचं एकच चित्र पाठ करून घेतात आणि स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवणीतनं काढायच्या चित्राच्या, पेपरला विषय कुठलाही येऊ दे, तीच माणसं, तीच छत्री फिरवून बसवतात. परीक्षा चांगली आहे, स्थिरचित्राचा, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू काढायचा, सराव तर लई उपयोगी पडतो, पण पाठांतराला चित्रकला म्हणायची नाही. माझं मत असं की जादा मार्क परत काढण्यावर द्या. तुम्ही चूक दाखवायची, म्हणजे तांब्याचं तोंड वाकडं आलंय, मागची भिंत पुढं आल्यासारखी दिसतीय, मग त्यानं तेच चित्र पुन्हा काढायचं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सुधारणा किती झाली त्यावर मार्क. ह्यात महागाचं सामान लागत नाही आणि ज्याचा हात कच्चा आहे त्यालाच जास्त मिळतात, जे बरोबरच आहे.

चित्रकला_मॅडम
परत काढण्याचं फार आवडलं, शनिवारचं मुख्याध्यापकांना विचारते. पण ज्याचं पहिल्यांदाच चांगलं येतं त्याचं काय? सुधारायला जागाच कमी, मग त्याला जादा मार्क कधीच नाहीत का?

जुना_ड्रॉइंग_मास्तर
त्याला अवघड द्या की. मातीचं मडकं जमलं तर घासलेला पितळी तांब्या ठेवा समोर. त्यात खिडकी दिसते, शेजारचा कपडा दिसतो, ते सगळं वाकून दिसतं आणि चमक नेमकी कुठं कोरी सोडायची हे पोराला ठरवावं लागतं. पहिल्या कागदावर ते कुणालाच जमत नाही.