अ‍ॅडमिशनचा निबंध, एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, काय अन् काहून शिकायचं ते सांगणारा अर्जासोबतचा लेख) लिहिताना तुमचं काय झालं? अनुभव सांगा

खसची_ताटी: काल भाची आली, अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपचा (एकच अर्ज बऱ्याच कॉलेजांना जातो तो) निबंध लिहून राहिली, ६५० शब्दांची मर्यादा. पहिलं वाक्य, "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती." मला एकदम माझा मास्टर्सचा एसओपी आठवला, त्यात विज्ञानाच्या जागी यंत्रं होती एवढंच. एका कन्सल्टन्सीनं पैसे घेऊन नमुना दिला होता, मैत्रिणीलाही तोच. बाबा अंगणात कूलरच्या ताट्या बदलून राहिले होते, त्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, ह्यात तू कुठं आहेस? लई राग आला. रात्री बसून दुसरा लिहिला, की मे महिन्यात ४५ डिग्रीला आमचा कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच नुसती चिकचिक करतो, कारण हवेतच ओल असली की ताटीतलं पाणी उडत नाही, आणि सातवीत मी ओल्या ताटीला हात लावून लावून हे काहून होते म्हणून बाबांना भंडावलं होतं. तिथून हीट ट्रान्सफरवर, म्हणजे उष्णता इकडून तिकडं कशी जाते त्यावर आले. प्रोफेसरनं पहिल्या भेटीत कूलरचंच विचारलं. आता तुम्ही सांगा.

वाडीवाला: कॉमन अ‍ॅप वेगळं अन् एसओपी वेगळा बरं का. तिथं पोरगं कसं आहे ते पाहतात, इथं काय शिकायचं, आधी काय केलं, ह्याच डिपार्टमेंटला काहून. माझ्या भावानं अर्धं पान आजीवर अन् प्रोजेक्टला दोन ओळी दिल्या, चारही ठिकाणी नाही आलं. पुढच्या वर्षी प्रोजेक्टच लिहिला, कोणतं सेन्सर जळलं, काय बदललं, सगळं. दोन ठिकाणी झालं.

तर्रीपोहा: यूकेवाल्यांनो, तिथल्या पदवीच्या अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट (स्वतःबद्दलचा निबंध) २०२६ च्या प्रवेशापासून बदललं आहे!! सलग निबंध नाही, तीन प्रश्न, एकूण ४००० अक्षरं, स्पेस धरून. पोरीनं जुन्या पद्धतीनं लिहून ठेवलं होतं, सगळं तोडावं लागलं, रडली बिचारी. गॅसवर पोहे आहेत, नंतर येते

बर्डीकर: ताई खसच्या चांगल्या ताट्या कुठून घेता? यंदाच्या महिनाभरात झडल्या

खसची_ताटी: @बर्डीकर भाऊ बाबा स्वतःच भरतात, विचारून सांगते

काटोलचा_बगीचा: मुलानं गारपिटीवर लिहायला घेतलं. मी म्हटलं नको बाप्पा, दुःख विकल्यासारखं वाटते. तो म्हणे गारपिटीचं नाही लिहून राहिलो बाबा, त्या रात्री तुम्ही वहीत हिशेब मांडला त्याचं लिहून राहिलो. नववीत होता, बाजूला बसून बेरजा करत होता, किती संत्रा गळला, फवारणीचे किती, मजुरीचे किती, अन् एक बेरीज माझी चुकली होती ती त्यानं न बोलता खोडून नीट केली. मला माहीतच नव्हतं. इंग्रजी जमत नाही म्हणून मराठीत वाचून दाखवलं त्यानं, मी उठून गोठ्यात गेलो. इकॉनॉमिक्सला आहे आता.

तर्रीपोहा: दादा 🙏 पोहे खाली लागले माझे वाचता वाचता

महालची_सून: सुधारून देताना जपा. मी लेकीचं एकेक वाक्य नीट करत गेले, शेवटी ती म्हणाली आई हे तुझं झालं. परत सगळं तिच्या शब्दांवर आणलं, फक्त स्पेलिंग पाहिलं.

खसची_ताटी: भाचीला हे सगळं वाचायला दिलं. पहिलं वाक्य खोडलं तिनं. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं चाक निघालं होतं तेव्हा तिनं बाटलीच्या झाकणाचं बसवलं होतं, आत्ता आईला फोन लावून विचारून राहिली, बैल अजून माळ्यावर आहे का