रिझर्व्ह टीम बंद केली तर फूटीच्या क्लबला पोरं पुरतील का?

व्हिक्टोरियावासी
नमस्कार मंडळी, आम्ही ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात एका छोट्या गावात राहतो, मुलगा १९ चा, इथल्या क्लबच्या रिझर्व्हमध्ये (सिनियरच्या खालची दुसरी टीम) फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळतो. गुरुवारी प्रॅक्टिस झाली की टीम लावतात, सिनियरचे २२ कसेबसे जमतात आणि रिझर्व्हला उरतात १३-१४, मग रात्री दहापर्यंत फोनाफोनी. आता कमिटी म्हणतेय पुढच्या सीझनला रिझर्व्ह नकोच, एकच टीम नीट चालवू. मला पटत नाहीये पण त्यांना उत्तर काय द्यावं तेही सुचत नाहीये.

जुना_रकमन
दादा, आकडा त्यांचा बरोबर आहे. मैदानात १८, बेंचवर ४, दोन टीम म्हणजे ४४, त्यात हॅमस्ट्रिंग, कुणाची शिफ्ट, कुणाचं लग्न, म्हणजे लिस्टवर ५०-५५ नावं लागतात आणि छोट्या गावात तेवढे तरुण नसतात. पण रिझर्व्ह बंद केली की ती १४ पोरं सिनियरला मिळतील असं समजू नका. आमच्याकडे बंद केली होती. पस्तिशीचे गडी सिनियरच्या स्पीडला पुरत नाहीत, ते घरी बसले, आणि क्लबचा बार, बार्बेक्यू, गोल अंपायर सगळं बघणारेही तेच होते. अंडर-१८ मधनं आलेल्या पोरांना एकदम ९५ किलोच्या माणसाशी टॅकल करायला लावलं, त्यातली निम्मी दोन वर्षात खेळ सोडून गेली. तिसऱ्या वर्षी सिनियरलाच माणसं कमी.

यारातीरी
थोडं वेगळं सांगतो, वरच्या लेव्हलला गणित उलटं आहे. व्हीएफएल (देशातल्या सगळ्यात वरच्या एएफएल लीगच्या खालची लीग) क्लबांच्या रिझर्व्हची डेव्हलपमेंट लीग २०१७ नंतर बंद झाली, तेव्हा वर कट झालेल्यांना लोकल क्लबचाच रस्ता होता. २०१४ पासून ॲडलेड आणि पोर्ट ॲडलेड या एएफएल क्लबांच्या रिझर्व्ह टीम एसएएनएफएल या साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळतात, २०१९ ला वेस्ट कोस्ट या एएफएल क्लबची डब्ल्यूएएफएल या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये आली. अशा टीममध्ये एएफएलचे प्लेअर जखमी झाले की जागा भरायला टॉप-अप प्लेअर, म्हणजे तात्पुरते बदली खेळाडू, खालच्या क्लबांतून घ्यावे लागतात. म्हणजे वरची रिझर्व्ह खालच्या क्लबांची माणसं ओढते, आणि गावची रिझर्व्ह माणसं धरून ठेवते. नाव एकच पण काम वेगळं, कमिटीला हा फरक नक्की सांगा.

जुना_रकमन
अगदी. आणि बंद करण्याआधी लीगकडे १६-१६ ची मॅच मागून बघा, क्वार्टरही छोटे करता येतात. आपले १४ असले तर समोरच्यांनी दोन पोरं आपली जर्सी घालून द्यायची, गावाकडे हे चालतं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

व्हिक्टोरियावासी
मनापासून आभार दोघांचे. गेल्या शनिवारी हेच झालं, १५ च होते, समोरच्यांनी तिघं दिले. मुलगा १२ वाजता रिझर्व्ह पूर्ण खेळला, चिखलाचे बूट तसेच पायात, संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि २ वाजता सिनियरच्या बेंचवर जाऊन बसला, चौथ्या क्वार्टरला दहा मिनिटं उतरवलं. रिझर्व्हच नसती तर त्याला तिथे ओळखलं कुणी असतं? मंगळवारी मीटिंग आहे, १६ ची मागणी लेखी नेतोय.